गुंफलेली बोटं

संध्याकाळी कॉटन ग्रीन स्टेशनात उतरलं, की जुन्या कापूस-गोदामांच्या कडेला माथाडी टेकलेले दिसतात: गुडघे पोटाशी, त्यांभोवती हातांचा विळखा, बोटांत बोटं. घरी येऊन दिवा लावावा, तर भिंतीवरही तीच बैठक. मिखाईल व्रूबेलच्या ‘बसलेला डेमन’ची ती छापील प्रत, १८९० सालचं मूळ तैलचित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे.

आपण आधी नुसते हातच न्याहाळू या. खांद्यापासून मनगटापर्यंत पीळदार, डोंगर हलवतील असे ते बाहू, आणि त्यांच्या शेवटी बोटं एकमेकांत अशी रुतलेली, की या बळाला धरण्याजोगं जगात दुसरं काही उरलं नाही म्हणून त्यानं स्वतःलाच धरून ठेवलं आहे. हा डेमन आला तो रशियन कवी लेर्मोन्तोवच्या ‘डेमन’ या खंडकाव्यातून, आणि त्यात कथानक केवढं! स्वर्गातून हाकललेला हा अमर जीव कॉकेशसच्या शिखरांवरून भटकतो, तमारा या जॉर्जियन राजकन्येवर भुलतो, आणि त्याच्या चुंबनानं ती मरते. व्रूबेलनं यातलं काहीच घेतलं नाही. तमारा नाही, उड्डाण नाही, पंखसुद्धा दिसत नाहीत. मग हा क्षण कथेच्या आधीचा, की नंतरचा? मला विचाराल तर दोन्ही. अमराला आधी आणि नंतर यांत फरक तो काय!

आता चौकट पाहा. उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंदी, आडवं पसरायला ऐसपैस जागा, पण माथा मात्र वरच्या कडेला भिडलेला. उठायचं म्हटलं तर चित्र फाडूनच उठावं लागेल. (पोटमाळ्यावर झोपलेल्या गिरणगावकराला हे वेगळं सांगायला नको.)

आणि रंग! कीव्हच्या संत किरिल चर्चमधल्या भित्तिचित्रांवर व्रूबेलनं काम केलं होतं, व्हेनिसची मोझेइकं डोळे भरून पाहिली होती. म्हणूनच की काय, त्याचा रंग वाहत नाही, पॅलेट-नाइफच्या सपाट, टोकदार थापांनी तुकड्यातुकड्यानं बसत जातो. उजवीकडची अजस्र फुलं पाकळ्यांची नव्हेत, फुटलेल्या स्फटिकांची. डावीकडे दूर मावळतीचा तांबूस-सोनेरी पट्टा. कमरेचं निळं वस्त्रही खडकातून कोरल्यासारखं. या निर्गंध, पाषाणमय उद्यानात मऊ आहे तो फक्त चेहरा, जवळजवळ पोरसवदा. तिथे नजर क्षणभर विसावते आणि न सांगता पुन्हा बोटांवर उतरते.

मघाशी गोदामापाशी बसलेल्यांतल्या एकानं बोटं सोडवली, कडाकडा मोडली आणि तो लोकल पकडायला उठला. डेमन अजून बसलेला आहे.