उशीर कुठून मोजायचा?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एका सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरसाठी आगाऊ पैसे भरले. क्राउडफंडिंग सुरू होतं, बोर्ड तळहातावर मावेल एवढा, किंमत परवडणारी. प्रकल्पाच्या पानावर ठळक अक्षरांत महिना छापलेला: या महिन्यात तुमच्या हातात. तो महिना मी सरळ माझ्या सहामाही प्रगती अहवालात उतरवला. गाईड सरांनी वाचून एवढंच विचारलं, "आणि नाही आला तर?" मी म्हटलं, "सर, पैसे भरलेत, येईलच."

बोर्ड आला, पण अकरा महिने उशिरा. तोवर माझं एक अख्खं सत्र हातचं गेलं होतं.

हे रडगाणं सांगायला बसले नाहीये. तेव्हा रागाच्या भरात मी एक पेपर शोधला, त्यातला एक आकडा उचलला आणि प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात टाकणार होते. तो आकडा बरोबर आहे. मी त्याचा वापर चुकीचा करत होते. तुम्ही आता लिटरेचर रिव्ह्यूला बसणार असाल तर ही चूक तुमच्याकडूनही होऊ शकते, म्हणून तो पेपर आज नीट उलगडून बघू.

पेपर ईथन मॉलिक यांचा. ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमध्ये शिकवतात. 'जर्नल ऑफ बिझनेस व्हेंचरिंग'मध्ये २०१४ साली छापून आलेला हा पेपर क्राउडफंडिंगवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण उद्धृत करतो. किकस्टार्टरवरच्या ४८,५०० हून अधिक प्रकल्पांची माहिती त्यात तपासली आहे. वस्तू खरोखर पोचली का, हे बघण्यासाठी डिझाइन आणि तंत्रज्ञान या विभागांतले ३८१ प्रकल्प वेगळे काढले. निष्कर्ष दोन. एक, बहुतेक लोक दिलेला शब्द पाळायचा प्रयत्न करतात, उघड फसवणूक फार थोडी. दोन, ७५ टक्क्यांहून जास्त प्रकल्प ठरल्या वेळेत वस्तू देत नाहीत, आणि किती पैसे जमले याचा उशिराशी संबंध दिसतो.

टीका करण्याआधी श्रेय देऊ. तोवर क्राउडफंडिंगबद्दल बहुतेक चर्चा ऐकीव गोष्टींवर चालायची. कुणाला भारी अनुभव, कुणाला फसल्याची भावना. मॉलिक यांनी बसून मोजलं. मोजणाऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं, मोजणं अवघड. तरीही कुठलंही मोजमाप हातात आलं की तीन प्रश्न विचारायचेच: घड्याळ कधी सुरू केलं, कधी थांबवलं, आणि कुणाच्या मनगटावरचं?

आधी घड्याळ सुरू कधी केलं ते बघू. इथे उशीर म्हणजे वस्तू पोचल्याची वेळ वजा वचन दिलेली वेळ. समजा, दोन टीमना बोर्ड बनवायला सारखेच चौदा महिने लागले. पहिलीने सहा महिन्यांचं वचन दिलं होतं, दुसरीने चौदा. पहिली आठ महिने लेट, दुसरी वेळेवर. काम तेवढंच, वेळ तेवढाच! म्हणजे या आकड्यात कामाचा संथपणा आणि वचन देणाऱ्याचा आशावाद एकत्र मिसळलेत. त्यातलं काय किती, हे एका वजाबाकीतून कळत नाही.

तुलनेचा गटही नाही. क्राउडफंडिंग न करणाऱ्यांना असा उशीर होत नाही का? रास्पबेरी पाय आठवा. २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्री जाहीर झाली, लोकांची झुंबड उडाली. त्यात क्राउडफंडिंग नव्हतं आणि ती मंडळी कच्ची नव्हती. तरी पहिल्या खेपेत कारखान्याने इथरनेटचा चुकीचा जॅक बसवल्याचं निघालं. आत मॅग्नेटिक्स असलेला जॅक हवा होता, साधा लागला. ते बदलणं आलं, मग सीई चाचण्यांचा मुद्दा आला, आणि लोक थांबून राहिले. एका जॅकपायी! तेव्हा उशिराचा काही भाग हार्डवेअरच्या स्वभावातच असतो. तो सगळा क्राउडफंडिंगच्या खात्यावर मांडता येत नाही.

आता माझा खरा मुद्दा: घड्याळ थांबवायचं कधी? पेपरमध्ये वस्तू पोचली की घड्याळ थांबतं. घड्याळाचा पट्टा किंवा पाकीट असेल तर हे अगदी बरोबर आहे. पण हौशी डेव्हलपर बोर्डाची वाट बघतो म्हणजे नेमकी कशाची वाट बघतो? त्याला त्यावर काम करायचं असतं. त्यासाठी चालणारा कर्नेल लागतो, ड्रायव्हर लागतात, चिपची कागदपत्रं लागतात, अडलं तर विचारायला माणसं लागतात. खोकं उघडून हिरवा दिवा लागला एवढ्यावर त्याचं थांबणं संपत नाही.

तीन बोर्ड घेऊ. तिन्ही किकस्टार्टरवरचे, आणि तिन्ही मॉलिक यांच्या आकडेवारीनंतरचे, कारण त्यांची माहिती २०१२ च्या मध्यापर्यंतचीच आहे.

पहिला पॅरालेला. २०१२ च्या शरदात अडाप्टेवा कंपनीने ९९ डॉलरच्या बोर्डासाठी ७,५०,००० डॉलर मागितले, सुमारे ९ लाख जमले. वचन मे २०१३ चं होतं. बऱ्याच जणांच्या दारात बोर्ड यायला २०१४ उजाडलं. पण त्यांच्या एपिफनी चिपची मॅन्युअल्स मोहीम चालू असतानाच सगळ्यांना खुली केली होती. ज्याला वाचायचं होतं, तो बोर्डाशिवायही वाचत बसू शकत होता.

दुसरा पाइन ए-६४. मोहीम जानेवारी २०१६ मध्ये संपली. १५ डॉलरपासून किंमत, मागितले ३१,४१५ डॉलर, जमले १७ लाखांवर. बोर्ड त्याच वर्षी लोकांना मिळायला लागले, म्हणजे पॅरालेलाच्या मानाने लवकरच. पण सुरुवातीला सोबत आलेला लिनक्स कर्नेल ३.१० या आवृत्तीवर आधारलेला होता, आणि ती आवृत्ती २०१३ ची. मुख्य कर्नेलमध्ये त्या चिपला आधार मिळायला पुढे बराच काळ गेला, आणि त्यात स्वयंसेवकांचे मोठे कष्ट होते.

तिसरा चिप, नेक्स्ट थिंग कंपनीचा ९ डॉलरचा कॉम्प्युटर. मे २०१५ ची मोहीम, मागितले ५०,०००, जमले २० लाखांवर, पैसे लावणारे ३९ हजारांपेक्षा जास्त. हजारो बोर्ड लोकांच्या हातात पोचले. पण २०१८ मध्ये कंपनीच बंद पडली. बोर्डावर सॉफ्टवेअर चढवण्याची तिची ऑनलाइन सोय गेली, आणि जुन्या फायली वापरणाऱ्यांनीच जपून ठेवल्या म्हणून ते बोर्ड आजही चालवता येतात.

आता पेपरची पट्टी लावा. तिघांत पॅरालेलाची गत वाईट, वर्षभर लेट. डेव्हलपरची पट्टी लावा आणि क्रम हलतो. पाइनचं खोकं आलं तेव्हा खरी वाट बघणं सुरू झालं. चिपवाल्याची वाट संपली असं वाटलं आणि कंपनी बंद पडल्यावर पुन्हा सुरू झाली. ७५ टक्के या आकड्यात हा फरक दिसत नाही, कारण तो मोजलेलाच नाही.

तिसरा प्रश्न मनगटाचा. पेपरमध्ये मोजण्याचं एकक प्रकल्प आहे. एका प्रकल्पात चाळीस हजार माणसं असतील, निम्म्यांना वेळेवर मिळालं आणि निम्म्यांना वर्षाने, तर तो प्रकल्प कुठल्या रकान्यात टाकायचा? मॉलिक यांनी पुढे २०१५ मध्ये थेट पैसे लावणाऱ्यांना विचारून मोठं सर्वेक्षण केलं. त्यात सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेलं दिलंच नाही, असं निघालं. एकक बदलून त्याच लेखकाने पुन्हा मोजलं, ही शिकण्यासारखी गोष्ट आहे. पण त्या ९ टक्क्यांत सिनेमे, पुस्तकं, खाद्यपदार्थ सगळंच येतं. तो आकडा बोर्डांचा म्हणून वापरू नका.

आता माझ्याच टीकेची उलटतपासणी. मी तीन बोर्ड निवडले ते माझा मुद्दा पटावा म्हणून. हे पुरावे नव्हेत, उदाहरणं आहेत. पॅरालेलाला मागितल्यापेक्षा थोडेच जास्त पैसे मिळाले, तरी तो वर्षभर लेट झाला. म्हणून 'पैशांचा आणि उशिराचा संबंध नाही' असं मी म्हणू शकत नाही. एका उदाहरणाने सरासरी खोटी पडत नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॉलिक यांचा प्रश्न 'लोक शब्द पाळतात का' हा होता. 'डेव्हलपरला काम करता येतं का' हा प्रश्न माझा. त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही हा त्यांचा दोष नाही. त्यांचा आकडा माझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून छापायला निघाले होते, दोष तिथे होता. 'क्राउडफंडिंगमधले बोर्ड डेव्हलपरसाठी बेभरवशाचे, पाहा मॉलिक' असं वाक्य मी लिहिलंही होतं. सरांनी लाल पेनने गोल केला आणि शेजारी एकच शब्द लिहिला: "कसे?"

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा उसना आकडा असेल तर आज रात्री मूळ पेपर उघडा. सारांश नको, पद्धतीचं प्रकरण वाचा. ज्या शब्दावर आकडा उभा आहे, उशीर, यश, गळती, समाधान, काहीही असो, तो नेमका कसा मोजलाय ते एका वाक्यात स्वतःच्या मराठीत लिहा. लिहिता आलं नाही तर तो आकडा अजून तुमचा झालेला नाही.

आणि प्रयोग एखाद्या न आलेल्या वस्तूवर अवलंबून असेल, तर माझ्यासारखं थांबून राहू नका. त्या अकरा महिन्यांत मला कोड एम्युलेटरवर चालवता आला असता, चिपची डेटाशीट वाचता आली असती, लॅबच्या कपाटात पडलेल्या जुन्या बोर्डावर निम्मी मोजमापं घेता आली असती. मी रोज ट्रॅकिंगचं पान उघडत होते. आता माझ्या प्रत्येक आराखड्यात वेळापत्रकाखाली एक ओळ असते: नाही आला तर काय? तिच्यापुढची जागा भरल्याशिवाय मी सरांकडे जात नाही.