लिसियसचे घर

प्लेटोचा ‘रिपब्लिक’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात, निदान परीक्षेच्या नोट्समधून तरी, वाचला असेल. न्याय म्हणजे काय, हा त्यातला मूळ प्रश्न. पण ही चर्चा कुणाच्या घरी झाली, हे आम्हाला तरी कोणी सांगितले नव्हते. ती झाली अथेन्सच्या पिरियस बंदरात, एका परदेशी कुटुंबात. म्हातारा सेफॅलस मूळचा सिसिलीतल्या सिराक्यूजचा. पेरिक्लिसच्या सांगण्यावरून तो अथेन्सला आला आणि तीस वर्षे राहिला. त्याचा मुलगा पोलेमार्कस चर्चेत हिरिरीने बोलतो. दुसरा मुलगा लिसियस तिथेच बसलेला आहे, पण अख्ख्या ग्रंथात एक अक्षर बोलत नाही.

लिसियस बोलला तो कोर्टात, इ.स.पूर्व ४०३ च्या सुमारास. ‘एराटोस्थेनिसविरुद्ध’ हे त्याचे बारावे भाषण. (पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनिस तो वेगळा, नंतरचा.) ‘रिपब्लिक’ वाचणाऱ्याने हे भाषणही वाचावे, असे मला आग्रहाने वाटते.

या कुटुंबासारख्या रहिवाशांना अथेन्समध्ये ‘मेटिक’ म्हणत. पुरुषाने वर्षाला १२ द्राक्मा कर भरायचा, एक नागरिक पाठीराखा म्हणून दाखवायचा, वेळ पडल्यास लढाईलाही जायचे. मताचा हक्क मात्र नाही, आणि खास परवानगीशिवाय घर-जमीनही नाही. इ.स.पूर्व ४५१ च्या कायद्याने आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व. म्हणजे तिथे जन्मलेली पुढची पिढीही मेटिकच! आपल्या ग्रीन कार्डाला निदान पुढचा अर्ज तरी असतो.

युद्धात स्पार्टाकडून हरल्यावर इ.स.पूर्व ४०४ मध्ये तीस जणांची जुलमी राजवट आली. तिला पैसा हवा होता. दहा मेटिकांना पकडायचे ठरले. पैशासाठी केले असे कोणी म्हणू नये, म्हणून त्यांत दोन गरीब मुद्दाम घातले! लिसियसच्या घरी पाहुणे जेवायला बसले असताना माणसे आली. त्याने लाच दिली, संदूक रिकामा करून दिला आणि मागच्या दाराने निसटून मेगारा गाठले. पोलेमार्कस रस्त्यात एराटोस्थेनिसच्या हाती सापडला. चौकशी न करता त्याला विष प्यायला लावले. कुटुंबाची तीन घरे असताना प्रेत भाड्याच्या खोपटातून न्यावे लागले. अंगावरचे वस्त्र आणि डोक्याखालची उशी मित्रांनी दिली. त्याच्या बायकोच्या कानांतली सोन्याची कुंडलेसुद्धा ओरबाडून नेली.

हे सारे लिसियस सांगतो ते अगदी साध्या भाषेत, हिशेब वाचून दाखवावा तसे. मला तरी हीच या भाषणाची ताकद वाटते. समोरचे न्यायाधीश नागरिक, बोलणारा उपरा. त्याने गळा काढला असता तर ते अवघडून गेले असते. तो उशी आणि कुंडले पुढे ठेवतो आणि राग त्यांच्यावर सोपवतो. एराटोस्थेनिसचा बचाव असा, की बैठकीत मी विरोधच केला होता, अटक केली ती वरच्यांच्या भीतीने. लिसियस विचारतो, विरोध करणाऱ्यालाच हे काम सांगितले कसे? आणि सापडला नाही म्हणायला काय हरकत होती? हुकमाचे ताबेदार म्हणवणाऱ्यांना हा प्रश्न आजही चुकलेला नाही.

पण या भाषणात एक उणीवही आहे. आम्ही कधी कोणावर फिर्याद केली नाही, आमच्यावर कोणी केली नाही. नाट्यस्पर्धांचा खर्च उचलला, कर भरले, अथेन्सचे कैदी पैसे देऊन सोडवले, असे लिसियस मोजून सांगतो. ही यादी आपल्या ओळखीची आहे. आपणही प्रसंगी ती वाचून दाखवतो. पण तिच्यामुळे न्याय हा चांगल्या वागणुकीचे बक्षीस ठरतो. ज्याने देणग्या दिल्या नव्हत्या, त्या दोन गरिबांचे काय? आणि लुटलेल्या मालाच्या यादीत ७०० ढाली, सोने, चांदी, बायकांचे कपडे यांच्याबरोबर १२० गुलामही येतात. तिथे लिसियसचा आवाज जराही बदलत नाही. परकेपणाचे दुःख भोगलेल्या माणसाला आपल्याच अंगणातली माणसे दिसत नाहीत.

लोकशाही परत आल्यावर, लढ्यात साथ देणाऱ्यांना नागरिकत्व द्यावे असा ठराव थ्रॅसिब्युलसने आणला. तो बेकायदा ठरवून हाणून पाडण्यात आला. लिसियस मेटिकच राहिला आणि दुसऱ्यांना कोर्टातली भाषणे लिहून देऊ लागला. खटल्याच्या निकालाची नोंद कुठेच नाही.

प्लेटोला हे सारे ठाऊक होते. तीस जणांचा म्होरक्या क्रिटियस त्याच्या आईच्या नात्यातला. तरीही, की म्हणूनच, न्यायाची चर्चा त्याने याच घरात बसवली. ‘रिपब्लिक’ पुन्हा हाती घ्याल, तेव्हा त्या गप्प बसलेल्या लिसियसकडे जरूर पाहा.