वालुमाशीतील काळा आजाराच्या परजीवीचा शोध : पुरावा आणि निष्कर्ष यांची चिकित्सा

सारांश
निसर्गातून पकडलेल्या वालुमाशीत काळा आजाराचा परजीवी आहे की नाही, हे पूर्वी माशीचे विच्छेदन करून पाहिले जाई. आज ते बहुधा डीएनए-चाचणीने ठरविले जाते. नव्या पद्धतीमुळे शोध सूक्ष्म झाला. परंतु ‘डीएनए सापडला’ या निरीक्षणावरून ‘माशी रोगवाहक आहे’ असा निष्कर्ष काढण्याची प्रवृत्तीही बळावली. या दोहोंमधील अंतर प्रस्तुत लेखात तपासले आहे.

बीजसंज्ञा : वालुमाशी, लिश्मानिया, काळा आजार, विच्छेदन, पीसीआर, रोगवाहक.

१. प्रस्तावना
वालुमाशी, म्हणजेच सँडफ्लाय, हा डासाहूनही लहान, केसाळ पंखांचा कीटक होय. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्र येथे चांदीपुरा विषाणूच्या साथीत अनेक बालके दगावली, तेव्हा हे नाव मराठी वाचकांच्या कानावर आले. तथापि या कीटकाशी जोडलेला भारतातील अधिक जुना रोग म्हणजे काळा आजार. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश व पश्चिम बंगाल या राज्यांच्या काही भागांत त्याचे वास्तव्य आहे. लिश्मानिया डोनोव्हानी हा एकपेशीय परजीवी त्यास कारणीभूत ठरतो आणि फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस या जातीची मादी त्याचा प्रसार करते.

प्रखंड-पातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे या रोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. बांगलादेशाने ते गाठल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रमाणित केले. भारतातही रुग्णसंख्या फार खाली आली आहे. रुग्ण विरळ झाले की रोगाचा माग माशीतून काढण्याकडे कल वाढतो. अशा वेळी माशीत नेमके काय सापडले, आणि त्यावरून काय म्हणता येते, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. कोणत्या गावात फवारणी करावयाची आणि कोणत्या गावातील थांबवावयाची, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

२. इतिहासाचा दाखला
लिश्मन आणि डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये हा परजीवी स्वतंत्रपणे वर्णिला. त्याचा वाहक कोण, याचा शोध मात्र दीर्घकाळ चालला. १९०७ मध्ये मद्रास येथे पॅटन यांना, रुग्णाचे रक्त प्यालेल्या ढेकणाच्या आतड्यात परजीवीची वाढ होताना दिसली. त्यामुळे ढेकूण हाच वाहक असावा, हे मत पुढे बराच काळ टिकून राहिले. निरीक्षण खरे होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नव्हता.

पुढे सिंटन यांनी अर्जेंटिपेसचा आढळ आणि रोगाचे क्षेत्र यांतील साम्य दाखविले. १९२४ मध्ये कलकत्ता येथे नोल्स, नेपियर व स्मिथ यांनी रुग्णावर पोसलेल्या वालुमाशीत परजीवीची कशाभधारी अवस्था पाहिली. तरीही अंतिम पुरावा मिळण्यास १९४२ उजाडले. स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी स्वयंसेवकांना संसर्गित माश्या चावू देऊन रोग संक्रमित होतो हे सिद्ध केले. एकदा रक्त प्यालेल्या माश्यांना मनुके खावयास दिल्यास त्या अधिक जगतात व त्यांच्यात परजीवी भरपूर वाढतात, या निरीक्षणाने त्या यशाचा मार्ग मोकळा केला होता. कीटकात परजीवी ‘असणे’ आणि कीटकाने तो ‘देणे’ या दोन गोष्टी सिद्ध होण्यामध्ये अठरा वर्षे गेली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

३. विच्छेदन : सामर्थ्य व मर्यादा
पारंपरिक पद्धतीत मादी क्षारद्रावणाच्या थेंबात ठेवून सुईच्या टोकाने तिची अन्ननलिका बाहेर काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शुक्रकोश व घसा यांच्या रचनेवरून त्याच वेळी जातही ओळखता येते. या पद्धतीचे सामर्थ्य असे की परजीवी जिवंत आहे, हालतो आहे, तो आतड्याच्या कोणत्या भागात आहे आणि माशीच्या पोटात न पचलेले रक्त उरले आहे काय, हे सारे एकाच दृष्टिक्षेपात कळते. अन्ननलिकेच्या पुढच्या भागातील झडपेपाशी परजीवी जमलेले दिसले, तर ती माशी संसर्ग देण्याच्या स्थितीस पोहोचली असण्याची शक्यता अधिक असते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. प्रादुर्भावग्रस्त भागातही संसर्गित माश्यांचे प्रमाण अत्यल्प असते. त्यामुळे शेकडो माश्या एकेक करून उघडाव्या लागतात. शिवाय कशाभधारी अवस्थेच्या केवळ रूपावरून परजीवीची जात सांगता येत नाही. सर्जेंटोमिया प्रजातीच्या माश्यांत सरड्यांचे परजीवी आढळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मानवी रोगाच्या परजीवीसारखेच भासतात. केवळ विच्छेदनाचा आग्रह धरणेही म्हणूनच योग्य नाही.

४. डीएनए-चाचणी : सूक्ष्मतेचे मोल
ही उणीव पीसीआरने भरून काढली. लिश्मानियाच्या पेशीतील कायनेटोप्लास्टमध्ये लघुवलयांच्या सुमारे दहा हजार प्रती असतात. त्यामुळे परजीवीचा अत्यल्प अंशही हाती लागतो. आयटीएस-१ सारख्या जनुकीय भागावरून परजीवीची ओळखही पटविता येते. मात्र या सूक्ष्मतेमुळेच तीन आक्षेप उद्भवतात.

पहिला आक्षेप रक्ताविषयी आहे. रुग्णाचे रक्त प्यालेल्या कोणत्याही माशीत, ती वाहक असो वा नसो, रक्त पचून बाहेर पडेपर्यंत परजीवीचा डीएनए सापडू शकतो. वाहक नसलेल्या जातीत परजीवी रक्ताच्या अवशेषांबरोबर बाहेर टाकला जातो. योग्य वाहकात तो मध्यांत्राच्या भित्तीस चिकटून टिकतो. सर्जेंटोमियातील डीएनएच्या नोंदी अनेक देशांतून प्रसिद्ध झाल्या, परंतु सर्जेंटोमिया श्वेट्झी या जातीवरील २०१३ च्या प्रायोगिक अभ्यासात मानवी परजीवी तिच्यात तग धरू शकले नाहीत. म्हणून पोट रिकामे की भरलेले, ही नोंद नसलेला ‘होकारार्थी’ निकाल अपुरा मानला पाहिजे.

दुसरा आक्षेप जिवंतपणाविषयी आहे. डीएनए मृत पेशीतही काही काळ टिकतो. आरएनए लवकर नष्ट होत असल्याने तो जिवंतपणाचा अधिक विश्वासार्ह निदर्शक ठरतो. संसर्गक्षम अवस्थेतच सक्रिय होणाऱ्या जनुकांची तपासणीही करता येते. क्षेत्रीय सर्वेक्षणात मात्र ही जोड क्वचितच दिली जाते.

तिसरा आक्षेप गणिताचा आहे. खर्च वाचविण्यासाठी माश्या गटाने तपासल्या जातात. उदाहरणादाखल, ५०० माद्यांचे दहा-दहांचे ५० गट केले व त्यांपैकी ५ होकारार्थी आले, तर प्रत्येक गटात एकच संसर्गित माशी धरून दर १ टक्का येतो. संभाव्यतेच्या सूत्राने तो १.०५ टक्के भरतो. फरक किरकोळ आहे. परंतु २० गट होकारार्थी आल्यास हेच आकडे ४ व ४.९८ टक्के होतात. गटाचा आकार व सूत्र न सांगता दिलेल्या टक्केवारीची दुसऱ्या टक्केवारीशी तुलना करणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

५. वाहक ठरविण्याचे निकष
रोगवाहकत्वाचे निकष कीटकशास्त्रात पूर्वीच मांडलेले आहेत. माशी माणसास चावली पाहिजे. निसर्गात तिच्यात रोग्यांतील परजीवीच पुनःपुन्हा सापडला पाहिजे. रक्त पचल्यानंतरही तो तिच्यात वाढला पाहिजे. आणि चाव्यातून त्याचे संक्रमण दाखविता आले पाहिजे. डीएनए-चाचणी यांपैकी केवळ दुसऱ्या निकषाचा काही भाग पूर्ण करते. माशीचा आढळ हाही स्वतंत्र पुरावा नव्हे, कारण अर्जेंटिपेस ही जात काळा आजार नसलेल्या पश्चिम व दक्षिण भारतातही आढळते.

या चर्चेत मुझफ्फरपूर येथील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात प्रयोगशाळेत वाढविलेल्या निर्जंतुक माश्या प्रत्यक्ष माणसांवर पोसण्यात आल्या. काळा आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांकडून आणि या आजारानंतर त्वचेवर चट्टे उमटलेल्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांकडून माश्या संसर्गित झाल्या. संसर्ग असूनही लक्षणे नसलेल्या व्यक्तींकडून एकही झाली नाही. परजीवीचे अस्तित्व आणि संक्रमणाची क्षमता यांतील अंतर येथे माणसाच्या बाजूने सिद्ध झाले. माशीच्या बाजूने ते गृहीत धरून चालण्यास आधार नाही.

६. समारोप
वरील विवेचनाचा रोख डीएनए-चाचणी नाकारण्याकडे नाही. दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत : परजीवी कोणता, हे डीएनए सांगतो, तो कोठे व कोणत्या स्थितीत आहे, हे विच्छेदन सांगते. माशीची जात, पोटाची स्थिती, गटाचा आकार, वापरलेला जनुकीय भाग आणि नियंत्रण-नमुन्यांचे निकाल या पाच बाबी प्रत्येक अहवालात असाव्यात आणि किमान काही माश्या विच्छेदनासाठी राखून ठेवाव्यात, एवढी अपेक्षा रास्त आहे.

महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांचा येथे थेट संबंध येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. प्राणिरक्षणाचा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु दोन-तीन मिलिमीटरच्या माशीचे आतडे अखंड काढणे आणि तिची जात ओळखणे ही कौशल्ये हाताने शिकविल्याशिवाय येत नाहीत. रुग्ण मोजकेच उरलेल्या काळात एक चुकीचा ‘होकार’ साधनसामग्री भलत्या गावी नेऊ शकतो आणि एक चुकीचा ‘नकार’ रोगाला पुन्हा वाट करून देऊ शकतो. ढेकणाच्या उदाहरणाने शंभर वर्षांपूर्वी दिलेला इशारा यंत्र बदलले म्हणून कालबाह्य झालेला नाही.