डिंक्या : एका रोगनामाची चिकित्सा

वरूड परिसरातील संत्राबागाईतदारांच्या बोलीतील 'डिंक्या' हे रोगनाम लक्षणवाचक आहे. खोडाच्या सालीतून डिंक पाझरतो, म्हणून डिंक्या. पानांवर काजळी धरते, म्हणून 'कोळशी'. निरीक्षण म्हणून ही नावे अचूक होत; परंतु रोगाचे कारण दोहोंतही अनुक्त राहते. डिंक्याचे कारण आहे ओल्या मातीत व पाण्यात वावरणारा फायटोप्थोरा हा सूक्ष्मजीव. डी बारी यांनी १८७६ साली योजिलेल्या या ग्रीक संज्ञेचा अर्थ 'वनस्पतिसंहारक'. तिचा रोख लक्षणाकडे नसून कर्त्याकडे आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. नाव खोडाकडे बोट दाखविते, म्हणून उपचारही खोडापाशी सुरू होतो : रोगट साल खरवडणे व बोर्डो मलम लावणे. रोगाचा प्रवास मात्र पुष्कळदा रोपवाटिकेतच सुरू झालेला असतो. शेंदुरजनाघाटसारख्या कलमांच्या पेठेत काय, अन्यत्र काय, जंबेरीच्या मुळांशी असलेली माती कलमासोबत रोगही नेऊ शकते. कॅलिफोर्नियात तर २०१२ नंतर, उजाड रानाच्या पुनरुज्जीवनासाठी लावलेल्या रोपांबरोबरच याच प्रजातीतील जीव रानात पोचल्याचे आढळले.

यास्तव मार्गदर्शनपर लेखनातील 'निरोगी कलम' हा सैल शब्दप्रयोग अधिक दोषास्पद ठरतो. हिरव्या पानांवरून कलम निरोगी दिसते, एवढेच सिद्ध होते. ते रोगमुक्त असल्याचे त्यावरून ठरत नाही. बागाईतदाराची संज्ञा पाहिले तेवढेच सांगते. ही संज्ञा न पाहिलेल्याची हमी देते. त्याऐवजी 'मुळे व माती तपासलेले कलम' असे लिहिणे अधिक प्रामाणिक होय.