खडक, पाणी आणि मॉडेलची साक्ष



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एक जुना निबंध निवडला आहे. नाओमी ओरेस्केस, क्रिस्टिन श्रेडर-फ्रेचेट आणि केनेथ बेलिट्झ यांनी तो १९९४ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, पृथ्वीशास्त्रातलं संगणकी मॉडेल खरं आहे हे कधीच सिद्ध करता येत नाही. निसर्ग बंदिस्त नसतो, हाती मोजकी मापं असतात, आणि उत्तर जुळलं तरी चुकीच्या कारणानं जुळलेलं असू शकतं. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि आलेख मात्र देखणा दिसतो.

हे पटायला वाशीमकरांना तत्त्वज्ञानाची पदवी नको. आपल्याकडे विहीर खोदताना मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे थर लागतात. एका बोअरला पाणी लागतं, पन्नास फुटांवर दुसरीतून नुसती धूळ उडते. खडक तोच, फरक भेगांचा. मॉडेल करणाऱ्यालाही या भेगा पूर्ण दिसत नाहीत. तो चार ठिकाणचे नमुने पाहतो आणि मधली जागा अंदाजाने भरतो.

आता कोयनेकडे वळू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे मोठा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसं गेली. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं; पण वरच्या भागात, जिथे पायथ्याकडच्या अंगाचा उतार एकदम बदलतो, त्या मानेपाशी आडव्या भेगा पडल्या. आराखड्यात भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या पाच टक्के धरला होता. धरणातल्या यंत्रावर धक्क्याचं त्वरण गुरुत्वाच्या जवळजवळ निम्मं नोंदलं गेलं. पुढे १९७३ मध्ये अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी, धरण स्वतः हलतं-डोलतं असं धरून गणित मांडलं, तेव्हा ताण नेमका मानेपाशी वाढलेला दिसला.

आज भेगांचं गणित करणारी नवी प्रणाली आली की जगभर ती कोयनेवर तपासतात. इथे निबंधकारांची शंका रास्त ठरते. भेग कुठे आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. पेपर फुटलेला आहे, म्हणा ना! त्यात मिळालेले गुण किती धरायचे?

पण आमचा मतभेद इथूनच सुरू होतो. निबंधकार मॉडेलकडे मुख्यतः वाट दाखवणारं साधन म्हणून पाहतात. आमच्या मते त्याला आणखी एक अधिकार आहे: अपुरा हिशेब बाद करण्याचा. धरण ताठ आणि स्थिर धरणारी जुनी रीत मानेपाशी धोका दाखवत नव्हती, ती कोयनेत अपुरी ठरली. नवं गणित शंभर टक्के खरं नसेल, पण जुन्यात काय सुटलं होतं हे त्यानं दाखवलं.

आपल्या नैयायिकांकडे यासाठी नेमका शब्द आहे, उपाधी. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हा नियम टिकत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं इंधन लागतं. ती न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. आता कोयनेच्या जमिनीखालचं अनुमान पाहा: वजन वाढलं की भेग घट्ट दाबली जाते. जलाशयाचं वजन प्रचंड, म्हणजे खडक अधिक पक्का? नाही. पाणी हळूहळू भेगेत झिरपतं, आतून रेटा देतं, घट्टपणा कमी होतो आणि दोन पृष्ठभाग सरकायला मोकळे होतात. वजन लगेच पडतं, आतला दाब सावकाश पोचतो. इथेही उपाधी ओलाव्याचीच! ताण, पाणी आणि उष्णता एकत्र गुंफून गणित करायचं ते याच कारणानं. आणि म्हणूनच कोयनेजवळ गोठणे इथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. अंदाजाच्या जागी माप हवं होतं.

यातून व्यवहाराची गोष्ट निघते. ‘धोका आहे’ आणि ‘धोका नाही’ ही मॉडेलची दोन विधानं सारख्या वजनाची नाहीत. धोका दाखवायला खडक घसरण्याची एक शक्य वाट पुरते. ‘धोका नाही’ म्हणायला सगळ्या वाटा बंद आहेत हे दाखवावं लागतं, आणि ते निबंधकार म्हणतात तसं अशक्यच. तरी व्यवहारात उलटं घडतं. धोका सांगणाऱ्या अहवालाला ‘हे तर नुसतं मॉडेल’ म्हणून बाजूला सारतात, सुरक्षित सांगणाऱ्याला शिक्का मारून फायलीत लावतात. त्या फायलीखाली वस्त्या असतात. ३० जुलै २०१४ ला पावसात माळीणवर डोंगर आला, दीडशेच्या वर माणसं गेली. कोरड्या उतारावरून ओल्या उताराचं अनुमान करता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा धरणाचा, खाणीचा किंवा घाटरस्त्याचा अहवाल हाती आला तर तीन प्रश्न विचारा. भेगांची मापं कुठून घेतली? पाणी वाढलं तर काय होतं, हे पाहिलं का? आणि उत्तर जुळावं म्हणून कोणते आकडे बदलले? विचारायला गणित येण्याची गरज नाही. उत्तर मात्र ज्यानं मॉडेल केलं त्यानंच द्यायचं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.