मधुमेहींचा फलाहार : ग्लायसेमिक निर्देशांकाची मर्यादा

डेव्हिड जेन्किन्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेला ग्लायसेमिक निर्देशांक टाइप-२ मधुमेहींच्या फळनिवडीचा आधार मानला जातो. कमी कर्बोदकांच्या आहारात मात्र तो दिशाभूल करतो. जुन्या तक्त्यांत ७० च्या वर गेलेले कलिंगड वर्ज्य ठरले. वस्तुतः निर्देशांक ५० ग्रॅम कर्बोदकांवर मोजला जातो, आणि तेवढी मिळण्यास कलिंगडाचा सुमारे ६५० ग्रॅम गर खावा लागेल. उलट कमी निर्देशांकाचे केळे निर्धोक! मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. दैनंदिन मर्यादा १३० ग्रॅमची असल्यास पाचवा हिस्सा तेथेच संपतो. जांभळाची ख्याती मुळात बियांच्या चूर्णाची. गरातील कर्बोदके आंब्याहून फारशी कमी नाहीत. पेरूच्या १०० ग्रॅममधील सुमारे १४ ग्रॅमपैकी ५ ग्रॅम तंतूच असतात, हे तक्ता सांगत नाही.