फळ्यावरचे ३६५

मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात निकोलाय बोग्दानोव्ह-बेल्स्की या चित्रकाराचं १८९५ सालचं एक तैलचित्र आहे : ‘तोंडी हिशेब. रचिन्स्की यांच्या लोकशाळेत’. शाळेच्या वर्गावर जगभर असंख्य चित्रं काढली गेली, छायाचित्रं तर मोजता येणार नाहीत इतकी. पण मूल विचार करत असताना कसं दिसतं, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

चित्र उभं आहे. उंची साधारण एकशेसात सेंटिमीटर, रुंदी एकोणऐंशी. वर्ग दाखवायचा तर चित्रकार सहसा आडवा कॅनव्हास घेतात, कारण मुलांची रांग पसरायला जागा लागते. इथे रांगच नाही. खेड्यातले दहाअकरा मुलगे फळ्याभोवती दाटीने उभे आहेत. अंगात लांब शेतकरी सदरे, पायांत झाडाच्या सालीची विणलेली पादत्राणं. डावीकडे काळ्या पोशाखातले, गळ्याला बो बांधलेले गुरुजी बसलेले आहेत. भिंतीवर बाळ येशूला घेतलेल्या मातेचं धर्मचित्र आहे. फळ्यावर खडूने एक अपूर्णांक लिहिला आहे. वर दहाचा वर्ग, अकराचा वर्ग, बाराचा, तेराचा आणि चौदाचा वर्ग, सगळ्यांची बेरीज. खाली भागायला ३६५. कागद-पेन्सिल न घेता उत्तर काढायचं आहे.

पुढे वाचण्याआधी वाचकाने हा हिशेब मनातल्या मनात करून पाहावा. ही काही बाजूची गंमत नाही, चित्राची रचनाच तशी आहे. फळा आपल्याकडे तोंड करून आहे आणि आकडे स्वच्छ वाचता येतात. चित्रकाराला नुसतं ‘गणिताचा तास’ सुचवायचं असतं, तर चार पुसट खुणा पुरल्या असत्या. त्याने खरं गणित लिहिलं, तेही सुटणारं. संग्रहालयात चित्रापुढे उभा राहणारा माणूस दोनचार क्षणांत नकळत आकडेमोडीला लागतो आणि त्या घोळक्यातला आणखी एक विद्यार्थी होतो. प्रेक्षकाला चित्रात ओढून घेणाऱ्या अनेक युक्त्या चित्रकलेत आहेत, पण इतकी प्रामाणिक युक्ती क्वचितच.

आता पुढच्या मुलाकडे पाहू. तो सगळ्यांच्या पुढे, फळ्याकडे पाठ करून उभा आहे. हात हनुवटीपाशी. त्याने आकडे वाचून घेतले आहेत, आता त्याला फळ्याची गरज नाही. डोळे उघडे आहेत, पण ते कशावरही ठरलेले नाहीत. मागची काही मुलं अजून फळ्याला चिकटून आहेत. गणित सर्वांना एकच, पण प्रत्येकजण त्यात निराळ्या ठिकाणी पोचला आहे. कुणी अजून दाराशी, कुणी मध्यावर अडखळलेला, कुणी उत्तराच्या अगदी जवळ. स्थिर चित्रात काळ दाखवणं अवघड. बोग्दानोव्ह-बेल्स्कीने तो चेहऱ्याचेहऱ्यांत वाटून दाखवला. एका क्षणाच्या चित्रात एका मिनिटाचा प्रवास आहे.

आणि एक मुलगा पोचला आहे. तो गुरुजींच्या कानाशी वाकून उत्तर सांगतोय. माझ्या मते चित्राचा प्राण इथे आहे. तो ओरडून का सांगत नाही? कारण तो ओरडला, की बाकीच्यांचा विचार तिथेच संपेल. ज्याला आलं त्याने कानात सांगायचं आणि इतरांना त्यांची वाट चालू द्यायची, ही त्या वर्गाची रीत असावी. एका छोट्या हालचालीत चित्रकाराने अख्खी शिक्षणपद्धत सांगितली आहे. गुरुजींच्या हातात छडी नाही. ते बसलेले असल्यामुळे त्यांचं डोकं मुलांच्या डोक्यांच्या बरोबरीला आलं आहे, आणि ते बोलत नाहीत, ऐकतात. शाळेच्या चित्रात ऐकणारे गुरुजी फार थोडे भेटतात.

आता हिशेब. दहाचा वर्ग १००, अकराचा १२१, बाराचा १४४. तिघांची बेरीज ३६५. तेराचा १६९, चौदाचा १९६. दोघांची बेरीज पुन्हा ३६५. उत्तर २. या लागोपाठच्या पाच संख्यांमधल्या पहिल्या तिघींच्या वर्गांची बेरीज पुढच्या दोघींच्या वर्गांइतकीच भरते आणि ती वर्षाच्या दिवसांइतकी असते, हे कळल्यावर होणारा आनंद आकडेमोडीतल्या कष्टांपेक्षा खूप मोठा आहे. दुसरी वाटही आहे. मधला बारा धरायचा. बाराच्या वर्गाची पाचपट ७२०, आणि मागच्यापुढच्या फरकांचे वर्ग जमेला धरले की वर १०. म्हणजे ७३०. पुढच्या मुलाची वाट यातली कोणती, हे चित्र सांगत नाही. पण गणिताला एकाहून जास्त वाटा आहेत हे कळलं, की त्या निरनिराळ्या चेहऱ्यांचा अर्थ आणखी खोल जातो.

आपल्याकडच्या जुन्या पिढ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ होती. तोही तोंडीच हिशेब. पण पाढे म्हणणारा वर्ग एका सुरात, एका तालात चालतो. तिथे मूल समूहाच्या आवाजात मिसळून जातं आणि त्या आवाजाच्या आधाराने पुढे जातं. या चित्रातला वर्ग गप्प आहे आणि त्यातलं प्रत्येक मूल एकटं आहे. दोन्ही गोष्टींची गरज असते. चित्रात मात्र हे एकटेपण उतरवणं जास्त कठीण.

चित्रातले गुरुजी कल्पनेतले नाहीत. सर्गेय अलेक्सांद्रोविच रचिन्स्की, जन्म १८३३. मॉस्को विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’चा पहिला रशियन अनुवाद त्यांचा, १८६४ सालचा. संगीतकार चायकोव्हस्कीने आपली पहिली तंतुवाद्य-चौकडी त्यांना अर्पण केली. असा माणूस विद्यापीठ सोडून स्मोलेन्स्क प्रांतातल्या ततेवो या आपल्या गावी परतला, १८७५ मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि वाडा सोडून शाळेच्याच इमारतीत मुलांबरोबर राहू लागला. रशियातली भूदासांची गुलामी १८६१ मध्ये संपली होती. रचिन्स्कींपुढे बसलेल्या मुलांचे आईबाप बहुतेक त्या गुलामीतच जन्मले असणार. शेतात, बाजारात, मजुरीच्या व्यवहारात कागद-पेन्सिल हाताशी नसते, म्हणून मनातला हिशेब पक्का हवा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी मनात सोडवायच्या १००१ गणितांचं पुस्तकही लिहिलं. डार्विनचा हा अनुवादक श्रद्धाळू होता आणि त्याच्या शाळेत धर्मशिक्षणाला मोठं स्थान होतं. म्हणून भिंतीवरचं ते धर्मचित्र शोभेसाठी टांगलेलं नाही. विज्ञान आणि श्रद्धा दोन्ही त्या खोलीत एकत्र नांदत होती. चित्रकाराने त्यातलं काहीही झाकलं नाही.

का झाकलं नाही, याचं कारण चित्रकाराच्या आयुष्यात आहे. निकोलाय बोग्दानोव्ह १८६८ मध्ये त्याच प्रांतात एका गरीब मजूर बाईच्या पोटी, लग्नाबाहेर जन्मला. तो रचिन्स्कींच्या शाळेत शिकला. मुलाचा हात चित्रात चालतो हे ओळखून गुरुजींनी त्याला आधी मठातल्या धर्मचित्रांच्या कार्यशाळेत पाठवलं. पुढे तो मॉस्कोच्या कलाशाळेत आणि नंतर पीटर्सबर्गच्या अकादमीत चित्रकार रेपिनच्या हाताखाली शिकला. ‘तोंडी हिशेब’ रंगवला तेव्हा तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता आणि गुरुजी साठी ओलांडून गेलेले. म्हणजे हा वर्ग बाहेरून आलेल्या पाहुण्याने रंगवलेला नाही. त्या घोळक्यात कधीकाळी स्वतः उभ्या राहिलेल्या मुलाने रंगवला आहे.

हा फरक किती मोठा आहे ते कळायला हॉलंडच्या यान स्टेनचं १६७०च्या सुमाराचं शाळेचं चित्र शेजारी ठेवून पाहावं. एडिंबराच्या संग्रहालयात ते आहे. मास्तर पिसाच्या लेखणीला टोक काढण्यात गुंग, मुलं धिंगाणा घालताहेत, कुणी झोपलंय, एक मूल घुबडापुढे चष्मा धरतंय. चित्र अप्रतिम रंगवलेलं आहे, त्यातला प्रत्येक कोपरा जिवंत आहे. पण स्टेन वर्गाकडे मोठ्या माणसाच्या उंचीवरून पाहतो आणि आपल्यालाही तिथेच उभं करतो. आपण मुलांवर हसतो, त्यांच्यासोबत विचार करत नाही.

बोग्दानोव्ह-बेल्स्कीचं १८९७ सालचं ‘शाळेच्या दारात’ हे चित्र तर थेट मुलाच्या पाठीमागेच जाऊन थांबतं. फाटक्या कपड्यांतला, काठी आणि झोळी घेतलेला एक मुलगा दाराशी उभा आहे. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. आत वर्ग चालू आहे. तो जे बघतो तेच आपण बघतो, आणि आत जावं की नाही या त्याच्या घालमेलीत आपणही अडकतो. हे चित्र जास्त हळवं आहे, म्हणून जास्त लोकांना आवडतं. मला मात्र आधीचं थोरलं वाटतं. दारातल्या मुलाबद्दल आपल्याला करुणा वाटते. फळ्याजवळच्या मुलांबद्दल ती वाटत नाही, त्यांच्याबद्दल आदर वाटतो. गरीब मुलाला आदराने रंगवणं हे करुणेने रंगवण्यापेक्षा अवघड काम आहे.

चित्रात उणिवा आहेत. पुढच्या मुलाचा हनुवटीचा हात जरा ठरवून ठेवल्यासारखा आहे. विचार दाखवायला ती खूण फार सोपी. मागच्या गर्दीतले चेहरे त्यापेक्षा खरे आहेत. आणि या घोळक्यात एकही मुलगी नाही, हे आजच्या डोळ्याला खुपल्याशिवाय राहत नाही.

छायाचित्रणात हाच क्षण रोबेर द्वानोने पकडला, १९५६ मध्ये, पॅरिसच्या एका शाळेत. बाकावर दोन मुलं. एकाचे डोळे उत्तर शोधत वर लागलेले, दुसऱ्याची नजर शेजाऱ्याकडे. हसू येतं, पण ते स्टेनच्या चित्रासारखं वरून आलेलं हसू नाही. कॅमेरा बाकाच्या उंचीवर उतरला आहे आणि आपण तिसऱ्या बाकावरचे झालो आहोत.

आपल्या काळातला इंग्लिश छायाचित्रकार ज्युलियन जर्मेन याने वाटच बदलली. २००४ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या शाळांपासून त्याने सुरुवात केली आणि पुढे पेरू, क्युबा, येमेन, नायजेरिया, बांगलादेश, जपान अशा अनेक देशांतल्या वर्गांची छायाचित्रं काढली. २०१२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. मुलं आपापल्या जागी बसलेली, आणि सगळी थेट आपल्याकडे पाहणारी. मोठ्या कॅमेऱ्यापुढे स्थिर राहायचं असल्यामुळे चेहऱ्यांवरचं ठेवणीतलं हसू गळून पडतं. इथे आपण विद्यार्थी राहत नाही, मास्तरांच्या जागी उभे राहतो, आणि तीसचाळीस जोडी डोळे आपल्याला तपासतात. भिंतीवरचे तक्ते, बाकांची लाकडं, गणवेश यांतून देशादेशांतली विषमता एकही शब्द न लिहिता समोर येते. जर्मेनचं काम मोठं आहे. पण त्याची मुलं थांबलेली आहेत. विचार करता करता पकडलेली नाहीत. ती बाजी एकशेतीस वर्षांपूर्वीच्या त्या तैलचित्राकडेच राहते.

आपल्या शाळांत दरवर्षी वर्गाचा फोटो निघतो. इमारतीच्या पायऱ्यांवर, उंचीप्रमाणे उभं करून, मध्ये खुर्च्यांवर शिक्षक. तो हवाच, चाळीस वर्षांनी नावं आठवायला तोच कामी येतो. पण आता प्रत्येक शिक्षकाच्या हातात कॅमेरा आहे. फळ्यावर एखादं चांगलं गणित लिहा, हे ३६५चंच लिहा. ज्याला येईल त्याने कानात येऊन सांगायचं, असं ठरवा. मग बाकाच्या उंचीवर बसा आणि कुणालाही इकडे बघा न म्हणता एकच फोटो काढा. त्यात मुली असतील आणि मागच्या बाकावरचाही असेल, याची काळजी घ्या.